पेलाभर पाण्याचे वजन

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या सभागृहात मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. खुर्च्या भरल्या होत्या, भिंतीकडेची जागा भरली होती, जिन्यातही माणसे उभी होती. तरी एवढ्या गर्दीत जो कलकलाट असतो तो तिथे नव्हता. निम्म्या माणसांचे चेहरे करडे पडलेले, एका हाताच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या टेबलावर खिळलेले. टेबलावर मूर्ती नव्हती की तसबीर नव्हती. पाण्याने भरलेला एक काचेचा जग होता, थंडगार, बाहेरून घाम फुटलेला.

जलदादांना धंदा कळत होता, एवढे मात्र कबूल करायला हवे. तहानलेल्यांपुढे आधी बराच वेळ नुसता जग ठेवायचा आणि मग आपण यायचे. आले ते पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची विजार आणि कॉलरला अडकवलेला माइक अशा थाटात. जटा नाहीत, माळा नाहीत. "मला महाराज म्हणू नका, दादा म्हणा," असे ते पहिल्याच वाक्यात सांगत, आणि लोकांना त्या साधेपणाचेच निम्मे कौतुक वाटे.

"विज्ञान काय म्हणतं?" दादांनी विचारले, आणि विज्ञानाला बोलू न देता स्वतःच सांगितले. "विज्ञान म्हणतं, पाण्याला आठवण असते. नळाच्या पाण्याला गंजक्या पाइपाची आठवण. बाटलीतल्या पाण्याला कारखान्याची. असलं पाणी किडनीला ओझं होतं. आमच्या पाण्याला फक्त प्रेमाची आठवण आहे. आता मला सांगा, प्रेमाला वजन असतं का?"

"नाही," गर्दी म्हणाली.

"मग प्रेमाच्या पाण्याला कसं असेल? या कंडक्टरकाका, वर या."

कंडक्टरकाका म्हणजे बससेवेतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. दोन्ही किडन्या निकामी, चार वर्षे डायलिसिसवर. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते वर आले आणि अनवाणी पायांनी एका पातळ, काचेच्या वजनकाट्यावर उभे राहिले. आकडा मागच्या मोठ्या पडद्यावर उमटला: एकसष्ट पूर्णांक दोन. काका उतरले. दादांनी जगातून कागदी पेला भरला, त्यावर दोन्ही हात धरून डोळे मिटले आणि पेला काकांच्या ओठांना लावला.

काका पाणी प्यायले. ते कसे प्यायले हे सांगायला नको. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याबरोबर आवंढा गिळला. मग ते पुन्हा काट्यावर चढले. पडद्यावर आकडा आला: एकसष्ट पूर्णांक दोन.

"पाणी गेलं कुठं?" दादांनी हळूच विचारले.

कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले. कंडक्टरकाका काट्यावरच उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. आणि तिसऱ्या रांगेत बसलेला एक टेलर दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता.

मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली त्याची मोठी बहीण टाळ्या वाजवत नव्हती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. घरात तिला ताई म्हणणारा हा एकच माणूस उरला होता.

आता एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही माणसे खुळी होती. ती खुळी नव्हती. डायलिसिसच्या मशीनवरच्या माणसांचे सगळे आयुष्य वजनकाट्यावर चालते. किडनी बंद पडली की बहुतेकांची लघवी आटत जाते आणि प्यालेला घोट अंगातच मुक्कामाला राहतो; आधी पायात, मग चेहऱ्यावर आणि शेवटी फुप्फुसात. म्हणून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस केंद्रात जायचे. आत शिरताना वजन, बाहेर पडताना वजन, आणि मधल्या चार तासांत हाताच्या त्या फुगलेल्या शिरेतून मशीन रक्त धुणार आणि साठलेले पाणी ओढून काढणार. साठलेले सगळे पाणी गेल्यावर जे उरते त्याला तिथे कोरडे वजन म्हणतात, आणि तो आकडा प्रत्येकाला जन्मतारखेसारखा पाठ असतो. दारात पाऊल टाकले की नर्स "कसे आहात" असे विचारत नाही, "किती आलं?" असे विचारते. आकडा जास्त आला तर बोलणी बसतात. कमी आला तर शाबासकी. पाय सुजल्यासारखे वाटतात असे कुणी म्हटले, तर आधी काट्याकडे पाहिले जाते आणि मग पायाकडे.

दुसऱ्या कुणाला जलदादांनी हाच खेळ दाखवला असता, तर त्याने विचारले असते, "अहो, पण पोटात तर पाणी गेलंय ना?" ह्या माणसांनी ते विचारले नाही. काट्यावर दिसले नाही म्हणजे प्यायलेच नाही, अशी त्यांची वर्षानुवर्षांची शिकवण. दादांनी नेमका तोच काटा उचलून व्यासपीठावर ठेवला होता.

ताईने ही शिकवण भावाला स्वतः दिली होती. सकाळी ती एका बाटलीत सहाशे मिलिलिटर पाणी मोजून ठेवायची, त्यात त्याचा चहा आला, गोळ्यांचा घोट आला, सगळे आले. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पिंपाला तिने कुलूप लावले होते. भाज्या चिरून उकळायच्या आणि ते पाणी ओतून टाकायचे, म्हणजे किडनीला बाहेर टाकता न येणारे त्यातले पोटॅशियम जाते आणि चवही जाते. केळे नाही, टोमॅटो नाही. धाकटा रात्रभर अंग खाजवायचा. मशीनवरून आला की उरलेला दिवस झोपून काढायचा. दुकान आठवड्यातले तीन दिवस बंद राहू लागले तशी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. ठरलेले लग्न मुलीकडच्यांनी मोडले, तेही इतक्या गोडीने, की त्याला रागावताही आले नाही. ताई स्वतःची किडनी द्यायला निघाली होती. तपासणीत तिचीच साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी तिला परत पाठवले.

एकदा तो न्हाणीघरातून बराच वेळ बाहेर आला नाही म्हणून तिने दार ढकलले, तर हा ओला टॉवेल तोंडात धरून बसलेला. ती म्हणाली, "किती चोखलंस? ते पण हिशेबात धरावं लागेल." त्याने टॉवेल खाली ठेवला आणि त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही.

आणि आता तो जलदादांकडून येताना बाटल्या घेऊन यायचा, हसायचा, शिट्टी वाजवत शिलाई मशीन पुसायचा.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ताईने त्याचे कपडे काढून ठेवले. "चल, आज मशीनचा दिवस आहे."

"दादा म्हणाले, मशीनचा एकेक वार कमी करत जायचं. गेल्या वेळीही गेलो नव्हतो. काय झालं मला?"

"दादांच्या किडन्या ठणठणीत आहेत. त्यांना म्हणायला काय जातं?"

"ताई, मी तीनदा त्या काट्यावर चढलो. तीनदा पाणी प्यायलो. एक ग्रॅम वाढलं नाही. तूच म्हणायचीस ना, आकडा खोटं बोलत नाही?"

हे तिला लागले, कारण ते तिचेच वाक्य होते.

"आणि दर खेपेला पहिलं वजनच जास्त भरतं, त्याचं काय? कोरड्या वजनाच्या वर किती गेलायस बघ."

"ते मांस आहे. दादा म्हणाले, अंग धरतंय."

"वाढलं तर मांस, नाही वाढलं तर चमत्कार. म्हणजे छापा पडला तरी दादा जिंकले आणि काटा पडला तरी दादाच जिंकले."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही," धाकटा म्हणाला. "मी बरा झालो तर तू कुलूप कशाला लावशील?"

ताई त्या दिवशी शाळेत गेली ती चेहरा दगडासारखा करून. सहावीच्या वर्गात मोजमापाचा तास होता. मुलांनी एकेक खडा तराजूत टाकून दोनदा मोजायचा आणि वहीत लिहायचे. दोन बाकांवरच्या मुलांचे आकडे दशांशासकट जुळले, तेव्हा तिने सवयीने विचारले, "कुणी कुणाचं पाहून लिहिलं?" एकाने मान खाली घातली. खरे मोजमाप जरा तरी हलते, हे ती गेली वीस वर्षे सांगत आली होती. हात हलतो, श्वास हलतो, काटा हलतो. दोनदा तंतोतंत तेच आले की समजायचे, दुसऱ्यांदा मोजलेलेच नाही.

आणि फळ्यापाशी उभ्या उभ्याच तिला सभागृहातला पडदा आठवला. एकसष्ट दोन, एकसष्ट दोन. त्यानंतर चढलेल्या बाईचे त्रेपन्न सात, त्रेपन्न सात. एकाचाही दशांश हलला नव्हता. काटासुद्धा कुणाचे तरी पाहून लिहीत होता.

संध्याकाळी तिने बाजारातून तसाच काचेचा घरगुती काटा विकत आणला आणि शाळेच्या शिक्षकखोलीत फरशीवर ठेवला. ती चढली, आकडा पाहिला, उतरली. पेलाभर पाणी प्यायली, पुन्हा चढली. तोच आकडा. मग तिने पाणी न पिता भरलेला पेला नुसता हातात धरला आणि चढली. तोच आकडा. तिने शाळेच्या शिपायाला हाक मारली. "जरा ह्याच्यावर उभे राहता का?" तो बिचारा चपला काढून उभा राहिला आणि उतरला. त्याच्यामागून ती पेला धरून चढली, आणि आता काटा प्यालेल्या आणि हातातल्या अशा दोन्ही पेल्यांच्या वजनाने वर गेला.

एवढीच होती ती जादू. असल्या बऱ्याच स्वस्त काट्यांना शेवटचे वजन लक्षात ठेवायची खोड असते. लगेच पुन्हा चढलेल्या माणसाचे वजन थोडेच इकडेतिकडे असेल, तर काटा नवीन मोजण्याऐवजी जुनाच आकडा दाखवतो. कारण गिऱ्हाइकाला काटा स्थिर आवडतो. दोनदा चढून दोन आकडे आले की गिऱ्हाईक दुकानदाराकडे भांडायला जाते. पेलाभर पाणी हे असे थोडे वजन. म्हणून दादा एकच पेला देत, दुसरा कधीच देत नसत. म्हणूनच त्यांचा मदतनीस सारखा बजावत असे की दोन वजनांच्या मध्ये तिसऱ्या माणसाचा पाय काट्याला लागता कामा नये, लहर तुटते. लहर नव्हे, काट्याची आठवण तुटायची.

ताईने घरी येऊन धाकट्याला सगळे सांगितले, काटा पुढे ठेवला. तो चढला नाही. "दादांनी सांगितलंय, दुसऱ्या काट्यावर पाय ठेवायचा नाही," असे म्हणून तो भिंतीकडे वळला. त्याचा आवाज घोगरा येत होता. सकाळी ती उठली तेव्हा तो शिलाई मशीनवर डोके टेकून बसल्या बसल्या झोपला होता. आडवे झाले की त्याला श्वास पुरत नव्हता. ताईला त्याचा अर्थ कळला: पाणी फुप्फुसात पोहोचले होते.

"केंद्रात चल," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"आज सभा आहे. आज माझी पाळी आहे वर जायची." तो थांबत थांबत बोलत होता. "तिथून परत आलो की बघू."

पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात तिने आणखी वेळ घालवला नाही. "बरं. मी पण येते," ती म्हणाली, आणि डायलिसिस केंद्राला फोन करून एक मशीन रिकामे ठेवायला सांगितले.

सभागृह तसेच गच्च भरले होते. कंडक्टरकाका पहिल्या रांगेत मानाने बसले होते. धाकट्याचे नाव पुकारले तेव्हा ताईच त्याला धरून वर घेऊन गेली. जिना चढल्यामुळे त्याला धाप लागली होती.

"मी ह्याची मोठी बहीण," तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. "दादा, लहानपणापासून मीच ह्याला पाणी देत आले. आज प्रेमाचा पेला मी भरला तर चालेल ना?"

आता प्रेमाला नाही कसे म्हणणार? दादा हसले. "या, ताई, या. बघा मंडळी, हेच आपल्याला हवंय."

धाकटा काट्यावर चढला. अडुसष्ट पूर्णांक चार. ताईने पेला भरला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "पिऊ नकोस. नुसता धर आणि चढ."

त्याने गोंधळून तिच्याकडे पाहिले, पण मोठ्या बहिणीचा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो चढला. पडद्यावर अडुसष्ट पूर्णांक चार.

सभागृहात कुजबुज झाली. दादा क्षणभरच थांबले. "बघा," ते म्हणाले, "पाणी नुसतं हातात आलं तरी शरीर शोषायला लागतं."

"हो का?" ताई म्हणाली. तिने पेला टेबलावर ठेवला, वाकून भावाची एक चप्पल उचलली आणि त्याच्या हातात दिली. "आता ही धरून चढ."

अडुसष्ट पूर्णांक चार.

"चप्पल पण शोषली वाटतं," मागून कुणीतरी म्हणाले आणि दोघेचौघे हसले. तेवढ्यात ताईने आपल्या चपला काढल्या आणि मदतनीस "अहो, अहो" म्हणेपर्यंत स्वतः काट्यावर उभी राहिली. मग उतरली. "आता पेला आणि चप्पल दोन्ही घेऊन चढ, बाळा," ती म्हणाली. बऱ्याच वर्षांत तिने त्याला बाळा म्हटले नव्हते.

अडुसष्ट पूर्णांक नऊ.

"आठवण पाण्याला नाही," ताईने सभागृहाकडे वळून सांगितले. "आठवण ह्या काट्याला आहे. मघाचा आकडा तो लक्षात ठेवतो आणि थोडाच फरक असला की तोच पुन्हा दाखवतो. मध्ये दुसरं कुणी चढलं की विसरतो. कुणालाही वर बोलवा आणि करून पाहा. असा काटा बाजारात कुठेही मिळतो."

"ह्या बाईला खाली उतरवा," एक माणूस ओरडला. "आम्हाला बरं वाटतंय, तुमचं काय जातं?"

पहिल्या रांगेतून कंडक्टरकाकांनी विचारले, अगदी हळू, "म्हणजे बाई, मी प्यायलो ते पाणी माझ्या अंगातच आहे?"

ताईला हा प्रश्न चुकवता आला असता तर तिने चुकवला असता. तिने भावाला खुर्चीवर बसवले, त्याची विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथे खड्डा पडला होता, ओल्या मातीत पडावा तसा, आणि तो भरून येत नव्हता. काट्याचा आकडा पडद्यावर दाखवणारा कॅमेरा चालूच होता. पडद्यावर तो खड्डा टेबलाएवढा दिसत होता.

"अंगातच आहे, काका. जाणार कुठं?"

मग सभागृहात एक गोष्ट झाली ती ताई पुढे कधी विसरली नाही. माणसे एकामागून एक खाली वाकली. शंभरेक माणसे आपापल्या नडगीवर अंगठा दाबत होती आणि काढून पाहत होती.

"तुमच्या मनात शंका आली," जलदादा माइकमध्ये म्हणाले, "आता पाणी जड होणार. मी जबाबदार नाही." असे म्हणून ते मागच्या दाराने बाहेर पडले आणि फर्निचरच्या सामानाच्या लिफ्टमधून खाली गेले. जग तसाच राहिला. दादांना पुढे काहीही झाले नाही. दुसऱ्या गावात दुसरे सभागृह मिळते आणि काटा तर कुठेही मिळतो.

केंद्रात पोहोचेपर्यंत धाकट्याचे ओठ निळे पडले होते. मशीन लावले, पाणी ओढायला सुरुवात झाली, पायांत असे गोळे आले की दोघांना त्याला धरून ठेवावे लागले. तीन दिवस रोज मशीनवर घातल्यावर तो माणसात आला. वाचला, असे सगळे म्हणाले. मग डॉक्टरांनी ताईला बाजूला घेतले.

"हृदय ताणलं गेलंय," ते म्हणाले. "ते आता पहिल्यासारखं होणार नाही. मशीनचे तास वाढवावे लागतील. आणि पाणी सहाशे चालणार नाही, चारशे."

"आणखी कमी?" ताईने विचारले.

"आणखी कमी."

हे भावाला तिनेच सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि डोळे मिटले. सत्य उघड केल्याचे बक्षीस म्हणून त्यांच्या घराला मिळाले ते एवढेच, आधीपेक्षा दोनशे मिलिलिटर कमी.

केंद्रात धाकट्याच्या शेजारची खाट कंडक्टरकाकांची. ती रिकामी होती. एका दुपारी काकांचा मुलगा आला, खाटेखालची त्यांची घोंगडी घडी करून काखेत मारली आणि ताईपुढे येऊन उभा राहिला.

"बाबा गेले परवा," तो म्हणाला.

ताई उभी राहिली. "मशीनला का आणलं नाहीत त्यांना? मी दोनदा निरोप पाठवला होता."

"आले नाहीत. सभेतून घरी आले ते गप्पच. म्हणाले, आता कुठल्याच काट्यावर पाय ठेवायचा नाही. पाणीही घेईनात आणि मशीनही नको म्हणाले." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होते. "तुम्ही त्या दिवशी मध्ये पडला नसता तरी बाबा गेलेच असते, मला कळतं ते. पण खुशीत गेले असते. तुम्ही त्यांना तेवढंही ठेवलं नाही."

ताईपाशी उत्तरे होती. पाणी कुणी पाजले, मशीन कुणी सोडायला लावले, हे तिला बोटांवर मोजून सांगता आले असते. पण समोरच्या माणसाच्या काखेत बापाची घोंगडी होती.

बोलला तो धाकटा. "ताईनं नाही मारलं काकांना," तो खाटेवरून म्हणाला. "एका खोट्या काट्यानं त्यांचा खऱ्या काट्यावरचाही विश्वास घालवला. मी पण त्याच वाटेवर होतो. मला फरफटत आणायला बहीण होती."

मुलाने मान हलवली, हो की नाही ते कळले नाही, आणि तो निघून गेला.

मशीन घरघरत होते. धाकटा म्हणाला, "पण मला वाचवलंस असं समजू नकोस. परत इथं आणून ठेवलंस. उद्या नाही तर परवा, पुन्हा इथंच."

"हो," ताई म्हणाली.

"ते पंधरा दिवस चांगले होते. खोटे होते, कळलं. तरी चांगले होते. माणसानं पाणी प्यावं तसा प्यायलो मी."

"हो."

"तू रोज विचारतेस, किती प्यायलास. इतक्या वर्षांत एकदा विचारलं नाहीस, तहान कशी असते म्हणून."

ताईला खरोखर आठवेना, की तिने हे कधी विचारले होते. तिने खुर्ची खाटेजवळ ओढली. "कशी असते?"

"घशात नसते ती," धाकटा म्हणाला. "डोक्यात असते. तू बोलतेस ना, तेव्हा तू काय म्हणतेस ते ऐकू येत नाही, तुझे ओले दात दिसतात. शेजारी कुणी नळ सोडला की मला कळतं, बादली किती भरली. गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याच्या कपाळावरचा घाम..." तो थांबला. "सांगू ना? कंटाळशील."

"सांग. आपल्याला कुठं जायचंय?"

तो सांगत राहिला. चार तास संपले, वाढीव तास संपला, तरी त्याचे सांगून झाले नव्हते. ताईला त्यावर करता येण्यासारखे काहीही नव्हते आणि करता येईल असे तिने दाखवलेही नाही.

तर वाचकहो, जलदादाची जादू उतरवायला फार शहाणपण लागले नाही. दोन वजनांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा करायचा होता. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला, तर तुम्हीही तेवढेच मागा: आमचा माणूस मध्ये उभा करू द्या, आमच्या काट्यावर मोजू द्या, पुन्हा करून दाखवा. जो नाही म्हणेल, त्याच्या हातून पेलाभर पाणीसुद्धा घेऊ नका. आणि कुणाचा उपचार चालू असेल, तर कुठल्याही दादाच्या सांगण्यावरून तो एक दिवसही थांबवू नका. विज्ञान त्याला आज पोटभर पाणी देऊ शकत नाही, हे खरे आहे आणि ते त्याला तोंडावर सांगायला हवे. पण हे सांगून आपण उठून निघालो, तर त्या रिकाम्या खुर्चीवर जलदादा येऊन बसतो. तेव्हा सांगा, आणि तिथेच बसून राहा.